दोनच्या गाडीचे इंटरवल नाना

नानांनी आयुष्यात शेकडो सिनेमे पाहिले आणि त्यांतल्या एकाचाही शेवट पाहिला नाही. तरीही सिनेमाबद्दल त्यांच्याइतकी ठाम मतं असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

नाना धुळे-जळगाव गाडीवर कंडक्टर होते. सकाळी धुळ्याहून निघालेली त्यांची गाडी साडेअकराला जळगावात यायची आणि परत निघायची दुपारी दोनला. मधल्या वेळात ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर आडवा व्हायचा आणि नाना भाकरीचं फडकं काखेत मारून बाराच्या खेळाला जाऊन बसायचे. अंधारात भाकरी खायची, पडद्याकडे बघायचं. सव्वा-दीडच्या सुमारास इंटरवल व्हायची, दिवे लागायचे आणि नाना उठायचे. दोनला पाच कमी असताना ते गाडीच्या दाराशी उभे असत. त्यांच्यामुळे गाडी एक मिनिटही उशिरा सुटल्याचं मला आठवत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा जळगावच्या एका मुलींच्या शाळेत सकाळच्या सत्रात शिकवत होते. घर पारोळ्याला. पहाटेच्या गाडीने जायचं आणि दोनच्या गाडीने परतायचं. नोकरी नवीन होती, अजून कायम झाले नव्हते, त्यामुळे शाळेत मी जरा दबूनच असे. दोनच्या गाडीत बसलं की मात्र जिवात जीव यायचा. कारण गाव मागे पडलं, तिकिटं संपली, की नाना ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला टेकून उभे राहायचे आणि घसा साफ करायचे. मग एरंडोल येईपर्यंत सिनेमाची पहिली बाजू आणि एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत नानांच्या मनातली दुसरी.

भुताच्या सिनेमांना नाना कधी भ्याले नाहीत. इंटरवलपर्यंत भूत दिसतच नाही, नुसती दारं करकरतात आणि पडदे उडतात. नानांचा निकाल ठरलेला असे, "भूतबीत काही नही शे. त्या बंगलाना दाराले तेल घाला, पिच्चर तठेच सरी जाई." प्रेमाच्या सिनेमांबद्दल त्यांचं मत फारच चांगलं होतं. पहिल्या भागात पाच गाणी, दोन बागा आणि एखादं लटकं भांडण, एवढंच त्यांच्या वाट्याला यायचं. पुढे मुलीचा बाप बंदूक काढतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. जगात प्रेमाइतकी सोपी गोष्ट नाही, असं ते गाडीतल्या कॉलेजच्या पोरांना मनापासून सांगायचे आणि पोरं गप्प बसून ऐकायची.

खुनाच्या सिनेमात खुनी कोण हे कळायच्या आतच दिवे लागत. तिथे नाना सरळ गाडीत मत घ्यायचे. बांगड्या विकणाऱ्या एरंडोलच्या एक अक्का रोज पहिल्या सीटवर असत. कुठलाही सिनेमा असो, अक्कांचा संशय नेहमी काकावर. "काकाच शे तो, डोया देखा ना त्याना," असं त्या न पाहिलेल्या काकाबद्दल छातीठोकपणे सांगत. बहुमत झालं की नाना खुनी जाहीर करत आणि त्याला जन्मठेप देऊन मोकळे होत. इंग्रजी सिनेमातलं त्यांना एक अक्षर कळायचं नाही, पण तिथली माणसं कमी बोलतात आणि गाडी वळवताना हात दाखवतात, म्हणून त्यांना ती आवडायची.

एक गोष्ट मात्र त्यांना कुठल्याही सिनेमात खपत नसे. नायक धावत्या बसमध्ये चढतो, मागोमाग त्याचे मित्र चढतात आणि सगळे गाऊ लागतात. ते सांगताना नानांचा आवाज चढायचा. "पंधरा मानसं गाडीमा नाची राह्यनात, एकनं बी तिकीट काढं नही! कंडक्टर कथा मरना?" कदाचित याचीच भरपाई म्हणून असेल, नानांनी रचलेल्या प्रत्येक शेवटात एक कंडक्टर असायचा. दरोडेखोरांचा सिनेमा असो की राजाराणीचा, ऐन वेळी लाल गाडी यायची, कंडक्टर दोरी ओढून घंटी मारायचा आणि सगळं सुरळीत व्हायचं.

लोक त्यांना इंटरवल नाना म्हणत. नानांना त्याचं काही वाटत नसे. मी एकदा विचारलं, "नाना, सुट्टीच्या दिवशी तरी पूर्ण सिनेमा पाहावा की नाही?" ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "बाई, शेवट देखा तर मंग सांगाले काय राही?"

आणि याच नानांच्या शब्दावर मी माझी नोकरी पणाला लावली.

झालं असं, की शाळेने सातवीच्या दोन्ही तुकड्यांना वर्षातून एक चांगला सिनेमा दाखवायचा अशी पद्धत होती. शनिवारी सकाळी खास खेळ ठरायचा. सिनेमा निवडायचं काम त्या वर्षी माझ्याकडे आलं. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, अतिशय कडक. मी सिनेमे पाहणारी नव्हते. त्याच आठवड्यात नाना एका म्हाताऱ्या आईच्या सिनेमावर फिदा झाले होते. आई शेळ्या पाळते, पोराला शिकवते, सकाळ-संध्याकाळ देवळात भजन म्हणते. पोरगा शहरात जातो. आई त्याच्यासाठी लाडवांचा डबा घेऊन रोज स्टेशनवर जाऊन बसते आणि तिथे इंटरवल. अक्कांनी पदराला डोळे पुसले होते. मी निर्धास्तपणे मोठ्या बाईंना सांगितलं, "सिनेमा अत्यंत संस्कारक्षम आहे." तो अर्धा आहे, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या गाडीत इतके महिने बसून मलाही सिनेमा इंटरवललाच संपतो असं वाटू लागलं होतं.

शनिवारी इंटरवलपर्यंत मोठ्या बाई खूश होत्या. मग दिवे मालवले आणि शहरात गेलेला पोरगा थेट एका हॉटेलात उगवला. हातात ग्लास, समोर नाचणारी बाई आणि तिच्या अंगावर कपड्यांची इतकी टंचाई, की मी खाली चपलांकडे बघू लागले. पाठोपाठ सुरे निघाले. मोठ्या बाई ताडकन उठल्या. "मुलींनो, डोळे मिटा आणि रांगेने बाहेर चला!" पुढचीच्या खांद्यावर हात ठेवून, डोळे मिटून सातवीच्या दोन तुकड्या थिएटरबाहेर निघाल्या. सर्वांत पुढे मी. माझे डोळे मिटायची गरज नव्हती, मला तसंही काही दिसत नव्हतं.

शाळेत परतल्यावर मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "सोमवारी लेखी खुलासा आणा. तुम्हाला कायम करण्याच्या कागदावर माझी सही अजून व्हायची आहे, हे लक्षात असू द्या."

दोनच्या गाडीत नानांनी उत्साहाने विचारलं, "कसा वाटना पोरीसले पिच्चर?" आणि मला रडूच फुटलं. सगळं ऐकल्यावर नाना उभे होते तिथेच खाली बसले. त्या दिवशी गाडीत गोष्ट झाली नाही. पारोळ्याला उतरताना त्यांनी फक्त विचारलं, "शाळा कितीले सुटस?" मी म्हटलं, साडेबाराला.

सोमवारी बाराला दहा कमी असताना मोठ्या बाईंच्या खोलीच्या दारात खाकी कपड्यातले नाना उभे. गळ्यात चामडी पिशवी, हातात तिकिटांचा पत्र्याचा ट्रे. त्या दिवशी मारामारीचा एक नवा सिनेमा लागला होता, पहिला खेळ बाराचा. आठवडाभर नाना त्याची वाट बघत होते. तो सोडून ते आले होते. मी खुलाशाचा कागद हातात घेऊन भिंतीशी उभी होते.

"चूक मनी शे," नाना म्हणाले. "बाईसनी नही. मी निम्माच पिच्चर देखा."

"निम्माच? का?" मोठ्या बाईंनी चष्मा काढला.

"दोनले गाडी ऱ्हास ना."

मग नानांना आपली सगळी कहाणी सांगावी लागली. भाकरी, अंधार, इंटरवल, दोनची गाडी. मोठ्या बाई ऐकत होत्या. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला असं मला वाटलं, पण खात्री नव्हती. नाना पुढे म्हणाले, "मोठ्या बाई, पोरीसकरता ती माय आजून तठेच स्टेशनवर बठेल शे. तिले घर पोचाडनं पडी ना."

हे मात्र खरं होतं. सकाळपासून मुली एकच विचारत होत्या, त्या आजीचं पुढे काय झालं? मोठ्या बाईंनी चष्मा परत चढवला. मग म्हणाल्या, "या वर्गावर. दहा मिनिटं. नाच आणि सुरे वगळून."

नानांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि फळ्यासमोर उभे राहून, जमेल तितक्या शुद्ध मराठीत, आजीला स्टेशनवरून उठवलं. रेल्वेने काही कोणी येत नाही, हे आजीला कळतं. ती सरळ लाल गाडीत बसते. कंडक्टर तिला पुढची सीट देतो, लाडवांचा डबा सांडू नये म्हणून स्वतः धरून ठेवतो. शहरात उतरल्यावर तोच तिला पोराच्या दाराशी नेतो. इथे नानांची शुद्ध मराठी संपली. "मायनी काही इचारं नही. पोऱ्याना कानफटात दोन ठेई दिन्यात आनी डबा उघडा!" वर्गात टाळ्या. पोरगा लाडू खात खात रडतो आणि परतीच्या गाडीने आईबरोबर गावी येतो.

मुलींच्या टाळ्या थांबल्या तसा मागच्या बाकाजवळून आवाज आला. "आणि त्या कंडक्टरचं काय झालं?" विचारणाऱ्या मोठ्या बाई होत्या.

"त्यानी दोननी गाडी व्हती ना, गया तो," असं म्हणून नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, ट्रे उचलला आणि ते गेले.

माझा खुलासा मोठ्या बाईंनी न वाचताच परत दिला. दोन महिन्यांनी मी कायम झाले. आणि गोष्ट कशी सांगायची, हे मी बी.एड.ला नाही, त्या दहा मिनिटांत शिकले. पुढे धडा कुठलाही असो, तो मी ऐन रंगात आल्यावर थांबवायची आणि मुलींना विचारायची, आता पुढे काय व्हावं? माझ्या तासाला मुली गैरहजर राहत नसत, याचं श्रेय माझं नाही.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. त्या उन्हाळ्यात धुळ्याला मावशीकडे गेले असताना तोच सिनेमा तिथे लागला होता. मी एकटी जाऊन शेवटपर्यंत बसले. पोरगा पोलिसांच्या गोळीने मरतो. आजी स्टेशनवरच, मांडीवर डबा घेतलेली, कायमचे डोळे मिटते. मी रडले, त्याहून जास्त मला राग आला. यांच्या गावात एक लाल गाडी येत नव्हती का?

पुढे लग्न होऊन मी चाळीसगावला गेले. नाना निवृत्त झाले. नव्वदच्या दशकात एका लग्नासाठी मी धुळ्याला गेले, तेव्हा रविवारी दुपारी पत्ता विचारत त्यांच्या घरी पोचले. नाना थकले होते, पण मला पाहताच म्हणाले, "या बाई, बठा लवकर! तोच पिच्चर लागेल शे." टीव्हीवर खरोखरच तोच सिनेमा होता. नातवंडं सतरंजीवर पसरली होती. आजी स्टेशनवर बसलेली होती.

नाना हळू आवाजात म्हणाले, "इतला वरीस मनमा एकच ऱ्हायनं बाई. सगळा पिच्चरसना शेवट मी मनना सांगा, त्यानं काही नही. पन शाळाम्हा सांगा. पोरीसले मी खोटं तर नही सांगं ना? आज शेवट देखी लेस."

खरा शेवट पडद्यावर यायला थोडाच वेळ उरला होता. तेवढ्यात पंखा मंदावला, पडदा काळा झाला आणि लाइट गेली. आयुष्यात मी भारनियमनाला एवढे मनापासून धन्यवाद कधी दिले नाहीत.

नातवंडं ओरडली. नाना काळ्या पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीन देखेल व्हई ना नंतर? खरा शेवट काय व्हता?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगितला तोच, नाना. अगदी तसाच."

"कंडक्टर बी?"

"कंडक्टरसुद्धा."

नाना बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेकडो प्रवाशांकडे बघून तिकीट कोणी काढलेलं नाही हे ओळखणारे ते डोळे होते. इतक्यात पंखा फिरू लागला, लाइट आली. नातू टीव्हीचं बटण दाबायला धावला.

"राहू दे बंद," नाना म्हणाले. "बाईसनी सांगं ना आते."

मग त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि नातवाला जवळ बसवून घेतलं. "बठ. माय लाल गाडीमा बठनी. कंडक्टरनी तिले पुढली सीट दिधी..."

ती आमची शेवटची भेट. मी निघाले तेव्हा आजी अजून शहरात पोचायची होती, आणि तिचा डबा नानांच्या हातात होता.