पॅनलच्या दारामागचं नाव

मुलुंडच्या शांतादीप सोसायटीत छप्पन्न फ्लॅट आहेत आणि विजेतलं कळणारे सत्तावन्न. तरीही वीज गेल्यावर लिफ्ट चालावी म्हणून बॅकअप बसवायची वेळ आली तेव्हा वायरवाली बाहेरूनच बोलवावी लागली. आता बोला!

ती म्हणजे संघमित्रा भालशंकर. मूळची सोलापूरकडची, राहायला गोवंडी, आणि मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये भाड्याच्या गाळ्यात पॅनल बनवते. सुपरवायझरचं लायसन आहे तिच्याकडे. तरी नवीन गिऱ्हाईक तिला बघितलं की तिच्या खांद्यावरून मागे बघतं आणि विचारतं, "साहेब कुठायत?" "मीच साहेब," असं सांगायची तिला बावीस वर्षांची सवय आहे.

तिच्या दोन खोडी. काम झालं तरी लगेच सही करत नाही. तासभर पूर्ण लोड चालवते, मीटर लावून करंट बघते, आणि शेवटी केबलला उलटा हात लावते, लेकराचा ताप बघतात तसा. मगच सही. आणि सहीनंतर पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करने स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर लिहिते. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात ना, तसंच!

हे तिला, ज्यांच्या हाताखाली ती वायरिंग शिकली त्या सीतारामकाकांनी शिकवलं, आणि त्याहून जास्त काकांच्या चुकीने शिकवलं. साकीनाक्याच्या एका गाळ्यात मालकाने परस्पर मोठा ब्रेकर घातला होता. काका म्हणाले, चालतंय ना, आणि सही ठोकली. तिसऱ्या आठवड्यात केबल पेटली. माणसं वाचली, पण काकांचं लायसन गेलं. तेव्हापासून हा माणूस घरातला पंखासुद्धा सुनेला लावायला सांगतो. संघमित्राला भुताखेताची भीती नाही, त्या पंख्याची आहे.

तर शांतादीप. खाली मीटर रूममध्ये इन्व्हर्टर, त्याच्यापुढे ट्रान्सफॉर्मर, आणि तिथून केबल जिन्याच्या कडेने सात मजले वर, लिफ्टच्या मशीनपर्यंत. जिना एकच. संघमित्राने लोड मोजला, अंतर मोजलं, सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल ओढली आणि कागदावर स्वच्छ लिहून दिलं, बत्तीस अँपिअरचा ब्रेकर, डी टाइप. तेवढा ब्रेकर कमिटी आणणार होती.

कमिटी म्हणजे सेक्रेटरी चंद्रप्रकाश वायंगणकर. बँकेतून रिटायर झालेले. बँकेत सही तीनदा तपासून घेणारा हा गृहस्थ ब्रेकर मात्र डोळे मिटून घेऊन आला. दुकानात डी टाइप नव्हता आणि उद्‌घाटनाचा मुहूर्त नोटीस बोर्डावर लागून गेला होता. "बत्तीस म्हणजे बत्तीस! त्यात टाइप कसला डोंबलाचा?" असं म्हणत त्यांनी साधाच आणला. संघमित्रा नको नको म्हणत होती, पण मुहूर्तापुढे तिचं कोण ऐकतंय!

रिबीन लागली, नारळ फुटला, सोसायटीतल्या सगळ्यात वयस्क रत्नप्रभाआजींनी स्विच वर केला आणि खट्! ब्रेकर पडला. पुन्हा वर केला, पुन्हा खट्. तिसऱ्यांदा आजीच म्हणाल्या, "मला नाही बाई जमत." पेढे वाटले गेले, पण खाताना कुणी कुणाकडे बघेना.

"ट्रान्सफॉर्मर चालू होताना पहिल्या क्षणाला आठ-दहा पट करंट ओढतो," संघमित्राने सगळ्यांना समजावलं. "साधा ब्रेकर तेवढ्याने पडतो, डी टाइप तेवढा क्षण सोसतो. मंगळवारी मी आणते."

मंगळवारी ती ब्रेकर घेऊन आली, तर पॅनलमध्ये त्रेसष्ट अँपिअरचा ब्रेकर ठोकळ्यासारखा बसलेला! आणि चंद्रप्रकाश जावई बघायला आल्यासारखे सजून, हातात कम्प्लीशन रिपोर्ट घेऊन उभे.

"मॅडम, दोन दिवसांत एकदाही पडला नाही. झकास! मोठा म्हणजे जास्त सेफ. इथे सही करा."

"साहेब, ब्रेकर केबल सांभाळायला असतो, तुमची अब्रू सांभाळायला नाही. ही केबल चाळीस अँपिअरपर्यंत सोसेल. पंचावन्न अँपिअर करंट गेला तर आतून भाजून निघेल आणि हा नुसता बघत बसेल. चोर आला तरी शिट्टी न मारणारा वॉचमन ठेवलाय तुम्ही. आणि केबल जिन्यातून जाते. आग लागली तर आजींना कुठून उतरवणार?"

"तुम्ही नका करू सही. मुलुंडमध्ये सही करणाऱ्यांचा दुष्काळ नाहीये."

हे मात्र खरं होतं. कुणीतरी येईल, चहा पिईल, सही करेल आणि जाईल. केबल तिने स्वतःच्या हाताने ओढलेली. ती जळाली तर सही कुणाचीही असो, झोप हिचीच जाणार. तिला भयंकर राग आला. तिने पिशवीतून मार्कर काढला, पॅनलचं दार उघडलं आणि आतल्या बाजूला ठळक अक्षरात लिहिलं:

"६३चा ब्रेकर यांनी बसवला: चंद्रप्रकाश वायंगणकर, फ्लॅट ७०२. केबल जळाल्यास यांना फोन करावा."

"नंबर सांगा साहेब."

चंद्रप्रकाशांचा चेहरा उतरला. बँकेतली पस्तीस वर्षांची शुद्ध मराठी एका झटक्यात गळून पडली आणि मालवणी बाहेर आली. "ह्यां काय लिवलंस गो? पूस ता आधी!"

"का? सेफ आहे ना?"

ते दाराकडे बघत राहिले. मग जिन्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा तो डी टाइप आणलाय ना?"

दहा मिनिटांत ब्रेकर बदलला. ट्रान्सफॉर्मर घुमला, ब्रेकर हलला नाही. तासभर लिफ्ट वरखाली पळवल्यावर तिने केबलला उलटा हात लावला आणि सीतारामकाकांना फोन केला.

"कोमट आहे काका."

"मग लिही नाव," काका म्हणाले.

तिने रिपोर्टवर सही केली आणि थिनरने दार पुसलं. तिचं नाव त्या जागी छान बसलं, पण त्याच्याखाली वायंगणकर हे नाव अजूनही फिकटसं दिसतं. मार्कर परमनंट होता.

तेव्हापासून चंद्रप्रकाश रोज सकाळी दूध घेऊन येताना मीटर रूममध्ये शिरतात आणि इकडेतिकडे बघून केबलला उलटा हात लावतात.