रुमालातला भंडारा

ज्या देवाला तुमची हाक ऐकू आली नाही, त्याचा नवस तुम्ही फेडाल काय? निजामी संपली त्या पावसाळ्याअखेर मी आईला हाच प्रश्न विचारला होता. आम्ही कळंबकडचे, रझाकारांच्या भीतीनं सोलापुरात नातेवाइकांकडे आलेलो. मी रझाकारांच्या तावडीतून वाचलो तर नळदुर्गच्या खंडोबाला नारळ वाहीन, असं ती बोलली होती. आता तापानं खंगली होती, आणि तिथला भंडारा कपाळी लागेतो अन्नाचा कण घेणार नाही म्हणत होती. मी पत्रकं लिहिणारा, वाटणारा माणूस. घर सुटलं, गाव सुटलं, म्हणून देवावर राग होता, तरी तिच्यासाठी निघालो.

खरं सांगतो, नळदुर्गात उतरून आधी किल्ल्यात गेलो. भारताची फौज आली तो रस्ता, ते बुरूज बघायची हौस होती. बोरी नदी भरलेली, बंधाऱ्यावरून नर आणि मादी म्हणतात त्या दोन धारा कोसळत होत्या. ते बघता बघता ओल्या दगडावरून पाय घसरला, घोटा सुजला. लंगडत देवळात पोचलो तर गाभारा रिकामा.

झाडणारी बाई हसली. "देव अणदूरला हाय की! मार्गेसर म्हैन्यात येतंय हिकडं. एवढे शिकलेले तुमी, अन् येवढं ठावं न्हाय?"

देव एक, गावं दोन. तो वाटून राहतो, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. तिकडे आई उपाशी होती आणि मी अर्धा दिवस धबधबा बघण्यात घालवला होता. अणदूरच्या वाटेनं शे-दोनशे पावलं चाललो आणि रस्त्याकडेला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. मागणं सुचलंच नाही.

मागून तट्टू आलं. पाठीवर काकणांच्या पेट्या, लगाम धरून एक म्हातारा मणियार. त्यानं काही न विचारता पेट्या स्वतःच्या खांद्यावर घेतल्या आणि मला तट्टावर बसवलं.

"पेट्या जड असतील, चाचा."

"भरलेल्याच हायत, बाबा. पंधरा दिवस झाले, एका बाईनं काकणं भरली न्हाईत. आमच्याकडून कायबी घेऊ नका, असा कागद वाटलाय म्हणं कुणी. अणदूरला बघतो. मल्लूखानाच्या दारात तरी कुणी घेईल."

खंडोबाला मुसलमानांत मल्लूखान म्हणतात. मी पिशवी काखेत दाबली. तो कागद माझाच होता. उरलेले पिशवीत होते.

वाटेत मी त्याला आईच्या आजारपणाचं सांगितलं. अणदूरला नारळ वाहिला, दर्शन झालं. ओंजळीत भंडारा पडला, पण बांधायला काही नव्हतं. होती ती पत्रकं. एक बाहेर काढलं आणि हात थांबला.

"चाचा, तो कागद मीच लिहिलाय."

म्हाताऱ्यानं कागदाकडे बघितलं. मग माझ्या पायाकडे. खांद्यावरचा रुमाल काढून पसरला. "कागदात नगं. घामानं भिजंल. माउलीपत्तूर पोचला पायजे."

आईनं भंडारा लावला. रुमाल कुणाचा, विचारलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "धुऊन ठेव. परत द्यायचाय." आणि पेज मागितली.

देवानं हाक ऐकली की नाही, यावर मी आता वाद घालत नाही. मी मनात त्याला जाब विचारत निघालो होतो. त्यानं मला तट्टावर बसवून आणलं. एवढं कळलं की आपला हट्ट खाली ठेवल्यावरच ओंजळ मोकळी होते.

एक मागणं आहे. माझं ते पत्रक तुमच्या घरात असेल, तर आजच चुलीत घाला. आणि काकणवाला दारावरून गेला, तर त्याला हाक मारा.