दादांची तयार उत्तरं

आमच्या दादांचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे, पण लोक तिथे बॅटऱ्यांपेक्षा उत्तरं न्यायलाच जास्त येतात. मी त्यांचा धाकटा भाऊ. काउंटरमागे बसतो आणि ऐकतो. फोन अडकला? "बंद करून चालू करा." गाडी नुसती टिकटिक करते? "टर्मिनल घासा." साडेआठची बस पकडायची तर घरून कधी निघू? "पावणेआठ. पिशवी आदल्या दिवशी भरा."

समोरच्याचा प्रश्न निम्मा झाला की दादांचं उत्तर तयार. पुरतं ऐकून घ्यायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो. आणि दहातली नऊ उत्तरं बरोबर येतात, हीच तर पंचाईत. एकदा दारातून एकानं "तुमच्या घड्याळात—" एवढंच म्हटलं, तर दादा म्हणाले, "सेल बदला." बिचाऱ्याला किती वाजले ते हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची लेक म्हणाली, "बाबा, मला ही नोकरी सोडून—"

"नको," दादा म्हणाले, आणि फोनवर कुणाला तरी फ्यूज कुठे असतो ते सांगू लागले.

नोकरी सोडून काय, ते आजतागायत दादांना ठाऊक नाही. ती दुसऱ्या गावाला निघून गेली. आईशी रोज बोलायची, बाबांशी अक्षर नाही. "येईल झक मारत," असं दादा सगळ्यांना सांगत. पण दुकानातला फोन वाजला की झडप तेच घालत, आणि आवाज तिचा नसला की गिऱ्हाइकावर खेकसत.

गेल्या मंगळवारी दुपारी आवाज तिचा निघाला. दादांचे हात ग्रीसनं भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"बाबा, माझी गाडी फाट्यावर—"

"बंद पडली? बॅटरी उतरलीय. लाइट लावून ठेवले असशील."

"बाबा, ऐका ना—"

"कुणाला तरी धक्का मारायला सांग. दुसऱ्या गिअरमध्ये टाक आणि सरळ निघ, वाटेत कुठे थांबू नकोस." आणि कोपरानं बटण दाबून फोन बंद. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंस? अडली की बापच आठवतो." चेहरा नुसता फुलला होता.

अर्ध्या तासानं वहिनी चपलांचा आवाज करत दुकानात आल्या. "काय सांगितलंत हो तिला?"

"का? झाली ना गाडी चालू?"

"चालूच होती! फाट्यावर उभी राहून विचारत होती, घरी येऊ का म्हणून. सरळ निघ म्हणालात. निघाली ती."

मला दादांचा राग आला होता आणि कीवही आली होती. मग त्यांनी हात पुसले, नीट, बोट न् बोट, आणि फोन लावला, स्पीकरवरच.

ती बोलू लागली. दोन वर्षांचं साठलेलं होतं, भराभर संपणार थोडंच? दादांचे ओठ दर वाक्याला हलायचे आणि मिटायचे. तेवढ्यात एकजण फोन पुढे करत आला. "दादा, हा सारखा—"

दादांनी त्याला हातानंच थांबवलं. "बंद करून चालू करा," मीच पुटपुटलो.

शेवटी तिनं विचारलं, "मग बाबा, येऊ का?"

प्रश्न पुरता संपला होता. तरी दादा थोडे थांबले, आणखी काही राहिलं असेल म्हणून.

"ये," ते म्हणाले.