आग लागली म्हणाले तेव्हा

बाँबस्फोटात माझ्या नवऱ्याचे दोन्ही कान गेले. मशीनचे सुटे भाग आणायला तो मोठ्या शहरात गेला होता. कळमनुरीला परतला तेव्हा दिसायला धडधाकट होता. बहिऱ्या शिंप्याकडे माप द्यायला कोण येईल, म्हणून आम्ही ते कुणाला सांगितलंच नाही. मी दुकानात त्याच्यासमोर काजं करत बसायची आणि गिऱ्हाईक बोलेल ते ओठांनी पुन्हा म्हणायची. वर्षभरात तो कुणाच्याही ओठांवरून बोलणं ओळखू लागला. मी बडबडी ठरले, पण दुकान चाललं.

मग सरकारची योजना आली. अतिरेकी हल्ल्यात कायमचं अपंगत्व आलेल्यांना मदत मिळणार होती. डॉक्टरचा दाखला जोडून मी अर्ज केला. चौकशीला तलाठी येणार, पंच म्हणून शेजारचे दोघे बसणार, हे कळलं आणि माझी झोप उडाली.

तलाठ्याने समोर बसून विचारलं, "तुम्हाला अजिबात ऐकू येत नाही?"

"न्हाई," नवरा लगेच म्हणाला.

शेजारचा किराणावाला हसला. आमचं भलं करतोय अशा समजुतीने म्हणाला, "साहेब, यांचे कान आमच्याहून तेज हायेत. कुजबुजलेलं बी कळतं."

पानवाल्यानेही मान डोलावली. तलाठ्याने पेनाला टोपण लावलं. खोटा अर्ज केला तर गुन्हा दाखल होतो, असं त्याने मला शांतपणे सांगितलं. मीच शिकवलेलं आता माझ्याच अंगावर आलं होतं.

मी नवऱ्याला खुणेने मशीनवर बसवलं. त्याने शिवण धरली. मग मी सगळ्यांना त्याच्या पाठीमागे उभं केलं, स्वतःही मागेच थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "मागं आग लागली."

तिघेही गर्रकन वळले. पानवाला तर पायरी उतरून रस्त्यावर गेला. मशीन चालूच होतं.

तलाठ्याने टोपण काढलं. पंचांनी सह्या केल्या. किराणावाला जाताना एवढंच म्हणाला, "वहिनी, आमाला तरी सांगायचं." संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बाजाराला कळणार होतं. पंचनामा हिंगोलीला जाणार होता, तिथून उत्तर कधी येईल ते तलाठ्यालाही माहीत नव्हतं.

नवऱ्याने मशीन थांबवून विचारलं, "पानवाला काहून पळाला?"

मी त्याच्यासमोर जाऊन सांगितलं.

"उद्यापासून गिऱ्हाईक ओरडून बोलंल," तो म्हणाला आणि दोरा ओवू लागला.