सावंत मॅडमचं काउंटर

आमच्या ग्रंथालयात कुणी मोठ्यानं बोलू लागलं, तर सावंत मॅडम त्याला कधीच गप्प करत नसत. त्या काउंटरवरून उठत, सावकाश त्या टेबलापाशी जात, एक खुर्ची ओढून बसत आणि मन लावून ऐकू लागत. मुलं अडखळून थांबली की विचारत, "थांबलास का रे? पुढे काय म्हणाली ती? सोडून दिलंन तुला?" यावर कोण बोलणार? सगळं टेबल खाली मान घालून वाचायला लागे. मॅडम खुर्ची होती तिथे ठेवत आणि परत येऊन मला हळूच सांगत, "वाट लागलीय बिचाऱ्याची. ती काय ह्याला विचारत नाय." 'शांतता राखा'ची पाटी त्यांनी कपाटामागे टाकून दिली होती. "पाटी बघून कोण गप्प बसतं गं? माणूस बघून बसतं," असं त्यांचं म्हणणं.

बुटक्या, सुती साडीतल्या, मनगटावर पुरुषी घड्याळ. राहायला भांडुपला. वडील गिरणीत होते, गाव कणकवलीकडचं. एरवी त्यांची मराठी रोखठोक मुंबईची. पण राग आला किंवा माया आली की ती मालवणीकडे वळे. या दोन्हींतलं नेमकं काय आलंय, ते मला पहिल्या दिवशी मुळीच कळलं नाही.

मी वसमतची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबा बाजार समितीत हमाली करतात. विक्रोळीतल्या या खासगी विद्यापीठात ग्रंथालय सहायकाची नोकरी लागली, तेव्हा त्यांनी गल्लीत घरोघरी पेढे दिले आणि ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांच्याही दारात ते गेले. मी कन्नमवार नगरात आत्याकडे उतरले. पहिल्या दिवशी आत्यानं माझ्या ओढणीला इस्त्री केली, कपाळावरचा घाम बघून म्हणाली, "घाबरू नको. ते बी माणसंच हायेत."

मी ज्या वाचनालयात वाढले ते आमच्या वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात होतं. लोखंडी कपाटांत पुस्तकं, खाली सतरंजी. चपला दाराबाहेर. नांदेडला ग्रंथालयशास्त्र शिकले, तिथेही विभागाच्या दारात चपलांची मांडणी होती. पुस्तकं असतील तिथे पायांत काही घालायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते अंगात मुरलं होतं. त्यामुळे विद्यापीठातल्या ग्रंथालयाच्या काचेच्या दाराशी छोट्या छोट्या कप्प्यांची मांडणी दिसली, तेव्हा मी दुसरा विचारच केला नाही. एका कप्प्यात चपला ठेवल्या आणि अनवाणी आत गेले. ते कप्पे मुलांच्या बॅगांसाठी होते.

आत थंडगार फरशी होती. माझ्याखेरीज सगळ्यांच्या पायांत बूट किंवा सँडल आहेत, हे मला काउंटरवर बसल्यावर दिसलं. तेव्हा उठून बाहेर जायला हवं होतं. पण सावंत मॅडम मला पुस्तकांची देवघेव दाखवत होत्या, मधे उठायचा धीर होईना. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. दुपारी सगळे जेवायला गेले की गुपचूप चपला आणू, असं ठरवलं.

तेवढ्यात दाराशी एक मुलगा ओरडला, "अबे, मेरी बॅग के खाने में चप्पल किसने रखी यार?" दोनचारजण हसले. वॉचमनकाकांनी चपला उचलल्या. अंगठ्याजवळ शिवलेल्या त्या माझ्या चपला दोन बोटांत धरून ते सरळ वाचन कक्षात आले आणि टेबलांमधून फिरत विचारू लागले, "किसकी है? ये किसकी है भाई?" प्रत्येक टेबलावरून मान हलली की हसू पुढच्या टेबलावर सरके. मी संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर काय होतं, देव जाणे. माझे कान पेटले होते. चपला तशाच जाऊ देत, संध्याकाळी अनवाणी घरी जाईन, असा विचार करत होते.

सावंत मॅडमनी चष्म्यावरून एकदा चपलांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मग अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "प्रज्ञा, तुझी चप्पल आली बघ. घे ती."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठले. काउंटरच्या बाहेर येऊन, सगळ्यांच्या देखत, त्या थंड फरशीवरून अनवाणी चालत गेले आणि चपला घेतल्या. कुणीतरी मोबाइल वर धरला होता. मॅडम तिकडे बघून म्हणाल्या, "काय रे, लग्नाचा फोटो काढतोस? ठेव खाली." त्यानं ठेवला. पण माझ्यासाठी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

हसणं ऐकून ग्रंथपाल सर केबिनमधून बाहेर आले. त्यांना प्रकार कळला तेव्हा ते मऊ आवाजात म्हणाले, "हिला थोडे दिवस आत बसू द्या, सावंत मॅडम. पुस्तकांना लेबलं लावेल. रुळली की बघू." मला ते देवासारखे वाटले. मी लगेच पर्स उचलली.

"सर, आत माणसं भरपूर आहेत. मला काउंटरवर हवीय," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मी बसते ना आत," मी म्हणाले.

"तुला कोणी विचारलं?"

सर खांदे उडवून निघून गेले. मी परत खुर्चीवर बसले. त्या क्षणी मी मनाशी पक्कं केलं, की आज संध्याकाळी बाबांना फोन करायचा, हवामान सोसत नाही म्हणायचं आणि परत जायचं. मग पेढे आठवले. ज्यांच्या दारात बाबा इतक्या वर्षांनी गेले होते, ती दारं आठवली. त्याचीही लाज वाटली. कुठल्या लाजेकडे पाठ फिरवावी ते कळेना.

दुपारी मोबाइलवाला मुलगाच पुस्तक घेऊन काउंटरवर आला. "दीदी, ये रिन्यू होगा क्या?" विचारताना तो वाकून माझे पाय बघत होता. मी पुस्तक उलटसुलट धरून बघितलं, तरी त्यावरचा बारकोड यंत्राला लागेना. मॅडम शेजारी बसून चणे खात होत्या. मदत नाही, काही नाही. शेवटी तो लागला. मुलगा गेला.

"झालं?" मॅडमनी विचारलं. "मेलीस काय?"

माझे डोळे भरून आले. त्यांनी चण्यांची पुडी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "बघ, माझी चप्पल आहे असं सांगणं माझ्या जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर उद्या दुसरं काहीतरी लपवत बसली असतीस. परवा तिसरं. मी किती चपला माझ्या म्हणू?"

"तुम्हाला कधी असं झालंय?" मी विचारलं. मला वाटलं, आता त्या आपली एखादी फजिती सांगतील आणि मला जरा बरं वाटेल.

"नाय गं. मी पहिल्या दिवशी झकास होते. तुझ्यासाठी खोटं कशाला सांगू?"

संध्याकाळी निघताना त्यांनी काउंटरची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "उद्या मी उशिरा येणार. भावाला स्टेशनवर घ्यायला जायचंय. उघडायचं तुला."

"मी एकटी?"

"मग काय बँड बोलवू?"

बाबांना फोन केला. हवामानाचं वाक्य तयार होतं. "कसं झालं गं?" त्यांनी विचारलं. किल्ली माझ्या मुठीत होती. दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती. मी गेले असते तर सकाळी मुलं बंद काउंटरसमोर उभी राहिली असती. म्हणून म्हणाले, "बरं झालं. उद्या मलाच उघडायचंय." बाबांनी फोन बाजूला धरून कुणाला तरी ओरडून सांगितलं, "आमच्या पोरीलाच उघडायचंय म्हणती!"

बरेच दिवस काही मुलं मला 'चप्पलवाली' म्हणत. मला ते दर वेळी लागे. सवय झाली असं मी म्हणणार नाही. पण काउंटर सोडून मी आत गेले नाही. जाऊ दिलंच नाही मॅडमनी.

गेल्या मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मी कागद वाचला. त्यात 'मातृतुल्य' होतं, 'मायेची सावली' होतं. टाळ्या पडल्या. नंतर मी त्यांचा पुष्पगुच्छ घेऊन फाटकापर्यंत गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळा खोटा बोललंस गो. माया कधी केलंय मी? खरा काय ता सांग."

"पहिल्या दिवशी मला तुमचा भयंकर राग आला होता," मी म्हणाले. "घरी जाऊन आत्यापुढे तुम्हाला शिव्या घातल्या."

त्यांचा चेहरा उजळला. "कसल्या? सांग ना!"

"नको, मॅडम."

"सांग गो मेल्ये. आता मी तुझी कोण लागतंय?"

मी इकडेतिकडे बघून हळूच सांगितलं, "मुडदा बशिवला तिचा."

त्या इतक्या हसल्या की त्यांना फाटकाचा आधार घ्यावा लागला. येणारीजाणारी मुलं थांबून बघू लागली. पुढे येऊन मॅडमनी रिक्षा थांबवली. भांडुप म्हटल्यावर रिक्षावाल्यानं मान फिरवली आणि गाडी पुढे काढली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि त्याच्या पाठीमागे हाक घातली, "मुडदा बशिवला तुझा!" मग मला विचारलं, "बरोबर?"

मुलं माझ्याकडे बघत होती. कान तापले. "'बशिवला' जरा ताणून म्हणा, मॅडम," मी फाटकातून ओरडून सांगितलं, "आमच्याकडे ताणून म्हणतात."