पुंगळीची हाक

आमचे बाबा माणसाला नावाने हाक मारायचे नाहीत. पुंगळी वाजवायचे. बंदुकीचं काडतूस उडून गेलं की मागे पितळेची रिकामी नळी राहते, ती पुंगळी. तिचं तोंड खालच्या ओठाला टेकवायचं आणि वरून फुंकर मारायची, की शीळ निघते. डोंगरात शिकारीला गेलेली माणसं एकमेकांना अशीच बोलवायची म्हणे, ओरडलं तर जनावर पळतं म्हणून. बाबांची शिकार सुटून जमाना झाला होता, पण ही सवय सुटली नव्हती. थ्री नॉट थ्रीची बारीक पुंगळी वाजली की ती माझी हाक. पाखरासारखी यायची. आणि मार्टिनीची जाड पुंगळी वाजली की ती मामाची. लांब समुद्रात जहाज भोंगा देतं ना, तशी खोल. मार्टिनी ही त्यांची जुनी बंदूक.

बाबा म्हणजे माझे अरबाब, मालक. रास अल खैमाला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं घर. मामा म्हणजे त्यांची बायको. इथे घरकामाला आलेल्या बाईने मालकिणीला मामाच म्हणायचं. सुरुवातीला माझी जीभ वळायची नाही. आमच्या म्हसळ्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, मिशीवाला. मी हे एकदा मोडक्या हिंदीत सांगितलं तर बाबा इतके हसले की त्यांनी मामाला मुद्दाम पुंगळी वाजवून बोलावलं आणि तिच्या ओठावर बोटाने मिशी काढून दाखवली.

मी आले तेव्हा माझी मुलगी रांगत होती. घरवाला खाडीत गेला, होडी मिळाली, तो दुसऱ्या दिवशी मिळाला. सासरी ठेवून घेणारं कुणी नव्हतं. मुलगी आईच्या मांडीवर ठेवली आणि विमानात बसले. शाळा दुसरीपर्यंत. अरबी येत नव्हतं, हिंदी अर्धं. रडायला वेळ नव्हता असं नाही, वेळ होता, पण रडून कोणाला दाखवणार. तेव्हा ती शीळ बरी वाटायची. नावाने कोणी हाक मारली की घरची आठवण यायची. शिळेने यायची नाही.

बाबांचा जीव काडतुसात होता. बंदुकीत म्हणाल तर तेवढा नाही. बंदूक भिंतीवर टांगलेली, तिच्यावर धूळ बसली तरी मीच पुसायची. पण काडतुसांची लाकडी पेटी त्यांच्या पलंगाखाली. शुक्रवारी नमाजहून आले की पेटी बाहेर. मऊ फडक्याने एकेक पुसायचं, बुडावर कोरलेली अक्षरं अंगठ्याने चाचपायची, मग कानाशी धरून हलवायचं. आतली दारू सुकी असली तर वाळू सरकल्यासारखा आवाज येतो. गप्प राहिलं तर ते काडतूस मेलं. मेलेलंही ते टाकायचे नाहीत. वेगळ्या कप्प्यात ठेवायचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वेगळी खोली देतात तसं.

मार्टिनीची काडतुसं आता कुठे होत नाहीत. ती बंदूक वापरणारेच राहिले नाहीत तर करणार कोण. बाबांचा एक डोंगरावरचा दोस्त होता, त्याला ते लंगडा म्हणायचे, कारण पडून पाय मोडून घेतलेला. त्याच्याकडेही तीच बंदूक. लोक एकमेकांकडे खजूर घेऊन जातात, हे दोघं एक काडतूस घेऊन जायचे. मग बसून वाद. कुठलं काडतूस दरीच्या पलीकडे पोचतं, कुठलं मध्येच दमतं, कुठल्याचा धूर असा की आपण मारलेलं जनावर आपल्यालाच दिसत नाही. मी गावा ओतत उभी राहायची. गावा म्हणजे त्यांची कॉफी, कडू. मला ऐकून ऐकून सगळं पाठ झालं, माझ्या आईच्या माहेरचे लोक जितके पाठ नव्हते तितके. पण त्या बंदुकीचा बार मी कधी ऐकला नाही. इतकी वर्षं राहिले, एकदासुद्धा नाही. शिकार सरकारने बंद केली, आणि बाबा म्हणायचे बरं केलं, जनावर तरी कुठे उरलंय. मग काडतुसं कशाला, असं मी विचारलं नाही. माझ्या ट्रंकेत घरवाल्याचा एक सदरा होता. तो कशाला, असं मलाही कोणी विचारलं नव्हतं.

लंगडा वारला तेव्हा बाबा मातमाला गेले, आले, जेवले नाहीत. मला म्हणाले, "आदमी गया, ठीक है. उसका गोली किधर गया?" त्याच्या मुलांनी ती कुठे टाकली, कोणाला दिली, कोणी सांगेना. बाबा ते कितीतरी दिवस विचारत राहिले.

एकदा उन्हाळ्यात ते कुरकुरत होते की समुद्राची ओल पेटीत शिरली, दारू गप्प झाली. मला कीव आली. आमच्याकडे ओल धरली की काय करतात? उन्हात घालतात. मी गच्चीवर चादर अंथरली, एका बाजूला बोंबील वाळत होते, दुसऱ्या बाजूला काडतुसं ओळीने मांडली. आणि खाली येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं. बाबा वर्षभर जिना चढले नव्हते. काठी टाकून चढले. चादरीशी बसले, हाताने चटके घेत एकेक उचलून धोतरासारख्या त्या वझारात गोळा केलं. मी भिंतीला चिकटून उभी. वाटलं, आता परत पाठवणार. सगळी सावलीत नेल्यावर त्यांनी एक बोंबील उचलला, कानाशी धरला, हलवला, आणि म्हणाले, "ये मर गया." तिथून पुढे मी उम्म बारूद झाले. दारूगोळ्याची आई. पाहुण्यांना तेच नाव सांगायचे.

अबुधाबीला शिकारीच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरतं. बाबा दर वेळी जायचे, एकदा मामाला बरं नव्हतं म्हणून बाबांची औषधं सांभाळायला तिच्याऐवजी मला नेलं. एसीत नुसत्या काचाच काचा, ससाणे, उंटांची खोगिरं. बाबा प्रत्येक दुकानाशी थांबून खिशातली पुंगळी काढून दाखवायचे. पोरं बघायची, कॉम्प्युटरमध्ये बघायची, मान हलवायची. एका पोराने चांगल्या मनाने सांगितलं की बाबा, ही बंदूक शोभेला ठेवा, नवी घ्या, हिची गोळी आता मिळणार नाही. बाबा म्हणाले, "रोटी नहीं मिलता तो मुँह बदलेगा क्या?" पोरगा हसला. बाबा हसले नाहीत. परत येताना गाडीत पुंगळी मुठीत होती.

माझी आई गेली ते मला उशिरा कळलं. फोन वाण्याच्या दुकानात होता, निरोप फिरत फिरत आला. मी काम सोडलं नाही. सोडून करणार काय, माती कधीच दिली होती. त्या दिवसांत बाबांनी माझी पुंगळी वाजवलीच नाही. तहान लागली की स्वतः काठी टेकत स्वयंपाकघरात यायचे, पाणी घ्यायचे, दाराशी थोडे थांबायचे, जायचे. मग एक दिवस शीळ आली, आणि मला कळलं की आता पुरे, कामाला लागायचं.

मामा गेली तेव्हा मी त्यांना काय देऊ शकणार होते. मार्टिनीची पुंगळी घेऊन ते स्वयंपाकघरात आले आणि माझ्यापुढे ठेवली. मी त्यांच्या कंदुऱ्याचं, त्या लांब पांढऱ्या झग्याचं, बटण लावत होते. म्हणाले, "सुई रखो इसमें. अब किसको बुलाना है." मी सुया भरल्या, तोंडाला बुचाचा तुकडा बसवला. ती माझ्या शिवणाच्या डब्यात गेली. घरात एकच हाक राहिली, माझी.

मग सरकारचं ते जुन्या हत्यारांचं फर्मान आलं. कागद नसलेली बंदूक, गोळी घरात ठेवायची नाही, नोंदवा नाहीतर जमा करा. बाबांचा मोठा मुलगा अबुधाबीला राहतो, अल रीम आयलंडवर उंच इमारतीत. वाईट माणूस नाही. दर गुरुवारी फोन करायचा, बापाच्या गोळ्यांची चौकशी करायचा, औषधाच्या गोळ्यांची. तो आला, बापाचं कपाळ चुंबलं, खाली बसला आणि समजावत राहिला. बंदूक जाईल, काडतुसं जातील, उद्या कोणी विचारलं तर तुम्हाला काय सांगता येणार, मला काय सांगता येणार. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "उम्म बारूद, तुम बोलो इसको."

मी काय बोलणार? त्याचं चुकत होतं असंही नाही. माझा व्हिसा त्याच्या सहीवर. मुलीचं लग्न व्हायचं होतं. मी खाली बघत राहिले. बाबांनी दोन वेळा म्हटलं, मग म्हणायचं सोडलं.

मी म्हटलं, रिकाम्या पुंगळ्या तरी राहू द्या, त्यात काही नाही. तेवढंच माझ्या तोंडातून निघालं. मुलगा म्हणाला की रिकाम्या कुठून आल्या असं विचारतील, सगळंच जाऊ दे, खलास. त्याची पाठ दुखरी, म्हणून पेटी गाडीपर्यंत मीच नेली. जड होती. पायरी उतरताना आत सगळी एकदम सरकली आणि तो वाळूचा आवाज आला. मागे बाबा दारात उभे होते. त्यांनी ऐकला की नाही, माहीत नाही.

मुलाने बापासाठी पलंगाशी बटणाची घंटी बसवून दिली. दाबली की स्वयंपाकघरात गाणं वाजायचं. बाबांनी ती कधी दाबली नाही. माझी बारीक पुंगळीही पेटीबरोबर गेली होती, हाकच थांबली. मी आपली दर थोड्या वेळाने जाऊन दारात उभी राहायची. ते खिडकीकडे बघत असायचे. पाणी पाहिजे का, तर नको. चहा, तर नको. असा माणूस हळूहळू कमी होत जातो, आणि आपण चादर बदलतो, खिचडी मऊ करतो, त्याच्यापुढे काही चालत नाही. अशी वर्षं गेली. पुढे त्यांना वार कळेना, मग मुलगा कळेना. मला बघून ओळखीचं हसायचे, पण नाव काढायचे नाहीत. ते तसं पूर्वीही नव्हतेच काढत.

एक दिवस बटण लावायला शिवणाचा डबा उघडला आणि पुंगळी हाताला लागली. सगळं गेलं, ही डब्यात होती म्हणून राहिली. मी सुया काढून पडद्याला टोचल्या, पुंगळी चिंचेने घासली, लखलखीत केली आणि बाबांच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्याने बूड चाचपलं. वास घेतला. उशीखाली ठेवली.

मग असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजाच्या, वेळी मी कणीक मळत होते आणि ती वाजली. खोल, पण फार बारीक. छातीत हवाच नव्हती. मी थांबले. ती माझी हाक नव्हती, ती मामाची. त्या आवाजाला मी कधी उठले नव्हते, उठायची माझी जागाच नव्हती. मध्ये थोडा वेळ गेला. पुन्हा वाजली, पहिल्याहून कमी. वाटलं, तिसऱ्यांदा वाजवायला त्यांच्यात दम नाही.

हात धुतले आणि गेले.

ते दाराकडेच बघत होते. माझ्याशी ते कायम हिंदीत बोलायचे. त्या दिवशी अरबीत बोलले, मामाशी बोलायचे तसं, हळू. म्हणाले, किती उशीर केलास. मी अरबीतच म्हटलं, हो, उशीर झाला. पलंगाशी मामाची खुर्ची होती. तिच्यात मी बसले नाही. खाली बसले, त्यांचा हात धरता येईल इतक्या जवळ. ते काही काही सांगत राहिले, अर्धं मला कळलं नाही. मग रोज असरला ती वाजायची, मी रोज जायची. एक दिवस वाजली नाही, तेव्हा मी न बोलावता गेले.

आता मी शारजाला आहे, रोल्लाला, मुलीच्या घरी. मधल्या वर्षांत लग्न होऊन ती इथेच आली. व्हिसा संपत आला, पुढे म्हसळ्याला जायचं, इन्शाल्ला. मुलगी चांगली आहे. मला विचारते, अम्मी, चहात साखर किती? तिला माहीत नाही. कसं माहीत असणार. बॅग भरताना नातीने पुंगळी बघितली आणि हातातून काढूनच घेतली. "नो नानी, एअरपोर्टवर पकडतील." मी म्हटलं, सुयांची डबी आहे. ती म्हणाली, नानी, दे वोन्ट लिसन.

बाबांचा मुलगा पासपोर्ट आणि तिकीट द्यायला आला तेव्हा मी ती त्याच्यापुढे धरली. म्हटलं, ही त्या दिवशी पेटीत नव्हती. वाटलं रागावेल. त्याने हातात घेतली, फिरवली, तोंडाजवळ नेली आणि तशीच खाली आणली. फुंकली नाही. म्हणाला, "अम्मी का है." मी म्हटलं हो. खिशात ठेवली आणि जिन्याने खाली गेला, लिफ्टसाठी थांबला नाही.

सुया आता औषधाच्या प्लास्टिकच्या डबीत आहेत. कधी उचलून कानाशी धरते, हलवते. सुयांचाच आवाज येतो.