आईची हैदराबादची गाडी

आमच्या आईला गाडी लागायची. म्हणजे अशी की, कन्हेरीहून बारामतीच्या बाजारात जायचं तरी ती आदल्या रात्री जेवायची नाही. तिचं माहेर इंदापूर. तिथल्या लग्नांनाही ती हातात लिंबू धरून, वर्तमानपत्राची घडी पोटाशी खोचून, ड्रायव्हरशेजारच्या जागेसाठी भांडून जायची आणि पोचली की मांडवात बसायचं सोडून आतल्या खोलीत आडवी व्हायची. माहेरच्या एकाही लग्नात तिनं अक्षता टाकलेल्या मला आठवत नाहीत. आम्ही पोरं हसायचो.

अशा बाईची थोरली लेक हैदराबादला पडली. ताईच्या नवऱ्याची नोकरी तिकडं. ताई दर उन्हाळ्यात यायची, तोवर काही अडलं नाही. मग तिच्या किडन्या निकामी झाल्या, दिवसाआड डायलिसिस सुरू झालं आणि तिचं येणं बंद झालं. आता भेटायचं तर आईनंच जायला हवं. एकदा निघालीही. दौंडला हैदराबादची गाडी धरायची म्हणून मी तिला घेऊन बारामतीहून पॅसेंजरमध्ये बसले. रेल्वेत लागत नाही, असं सगळेच सांगत होते. दौंड येईस्तोवर ती इतकी ओकली की फलाटावर तिला धड उभं राहवेना. आल्या पावली परतलो. ताईनं फोनवर मलाच झापलं. पुन्हा तिला घराबाहेर काढू नकोस, वाटेतच मारशील म्हणाली.

त्याच सुमारास आमच्या रानात मोजणीचे लोक आले. मुंबई-हैदराबाद बुलेट ट्रेन आमच्या भागातून जाणार, असं कानावर होतंच. त्यांनी पेरूच्या बागेजवळ चुन्यानं खूण केली आणि गावात एकच गलका झाला. कुणाची विहीर जाणार, कुणाचं घर, यावरून पारावर रोज भांडणं. बाजारात तुरी, दुसरं काय! माझा भाऊ, दादा, त्या भांडणांत सगळ्यांच्या पुढं. बाग त्यानं हातानं वाढवलेली, त्यामुळं त्याचं चुकत होतं असंही मी म्हणणार नाही. मी जळोचीच्या माझ्या घरून एकदा माहेरी गेले, तर दादा विरोधाच्या सभेला गेलेला आणि आई त्या मोजणीवाल्यांना ओसरीवर चहा देत होती.

"साहेब, लेक हैदराबादला हाय माझी. ह्यात गाडी लागती का?" तिनं त्यांच्यातल्या मोठ्या माणसाला विचारलं.

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. पेल्यातलं पाणीसुद्धा हलणार नाही, म्हणाला. सकाळी न्याहारी करून निघालात तर जेवायला लेकीकडं.

दादाला हे कळल्यावर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपल्या बागेवर उठलेल्या माणसांना चहा पाजतेस, म्हणून तो बरंच बोलला. आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"पेरू परत लावता येत्यात," ती म्हणाली.

 त्या विषयावर दादा तिच्याशी पुन्हा कधी बोलला नाही.

मोजणीवाले परत आले नाहीत. पेपरात कधी यायचं मार्ग बदलणार, कधी यायचं लवकरच होणार. बोलाचीच कढी. पण टीव्हीवर गुजरातकडच्या बुलेट ट्रेनचे खांब दिसले की आईचा मला फोन यायचा, आपल्याकडं कधी उभे राहतील म्हणून. मला त्या गाडीचा राग यायचा. कागदावर उभी राहून तिनं म्हाताऱ्या बाईला आशेला लावलं होतं. ताई व्हिडिओ कॉलवर आईला चिडवायची, तुझ्या गाडीला म्हणावं जरा पाय उचल. आई म्हणायची, तू जिवाला जप, मी आलेच. दर खेपेला ताईचा चेहरा आणखी उतरलेला असायचा. ते दोघींनाही दिसत होतं आणि दोघी गाडीबद्दलच बोलायच्या.

गेल्या थंडीत एका सकाळी मेहुण्यांचा फोन आला. ताई गेली होती.

आई रडली नाही. चला, एवढंच म्हणाली. दादानं शेजाऱ्याची गाडी मागून आणली. मी लिंबं, गोळ्या, पिशव्या सगळं बरोबर घेतलं. आईनं पुढची जागा मागितली नाही, माझ्याशेजारी मागं बसली. इंदापूर गेलं, भीमेचा पूल गेला. दादा आरशातून सारखा तिच्याकडं बघत होता आणि मी पिशवी उघडून बसले होते. लिंबू दिलं तर तिनं ते नुसतंच मांडीवर ठेवलं. सोलापूरच्या पुढं आम्ही तिला बळंच चहा पाजला. तोही पोटात राहिला.

हैदराबादला सगळे आईसाठीच थांबले होते. ताईला हिरवी साडी नेसवून, कपाळभर कुंकू लावून ठेवलं होतं. बायकांनी वाट दिली. आई तिच्या उशाशी बसली, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तिच्याशीच बोलली.

"बाई, मला गाडी लागली न्हाय बघ. एवढ्या लांब आले, तरी न्हाय लागली. येता आलं असतं मला."